नोंदीत न आलेलं उत्तर

परवा जळगावला कोर्टाच्या कामासाठी गेले होते. काम झालं नाही. साहेब रजेवर, पुढची तारीख घ्या, एवढं सांगून कारकुनानं खिडकी लावून घेतली. धुळ्याला परतायच्या बसला बराच वेळ होता, म्हणून रिक्षावाल्याला मेहरूण तलावावर घे म्हटलं.

तलावाच्या काठाला आता फरशी बसवली आहे. फिरायला वाट, दिव्यांचे खांब, फोटो काढायला रंगवलेली भिंत. पण फाटकाबाहेर बोरं घेऊन बसलेल्या बायका होत्या. मेहरूणची बोरं, त्यांचा तो आंबट-गोड, थोडा कुबट वास. ओंजळभर बोरं घेतली आणि पाण्याकडे तोंड करून बसले. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ मोबाइलवर दिल्लीचं अधिवेशन बघत होते. कायद्याचंच कुठलं तरी विधेयक चाललं होतं. मंत्री बोलले, कुणी तरी त्यांचं कौतुक केलं, मग 'हो' म्हणणाऱ्यांचा एकच आवाज झाला आणि विधेयक मंजूर. माझ्या हातातली बोरं संपायच्या आत. गृहस्थांनी जांभई दिली आणि क्रिकेट लावलं.

मला राग आला. कुणावर ते धड सांगता येईना. त्या गृहस्थांवर तर मुळीच नाही. तो जुना राग आहे. तो याच पाण्याच्या काठी, याच बोरांच्या दिवसांत माझ्यात आला आणि मग गेलाच नाही.

याच तलावापलीकडच्या गल्लीत आबांचं घर होतं. आबा म्हणजे माझे थोरले काका. मूळचे आम्ही धरणगावचे. घरी कापूस. दिवाळीनंतर जिनिंगच्या कारखान्याकडून वारा आला की अंगणातल्या तुळशीवर सुद्धा पांढरे तंतू अडकायचे. वडील शेती बघायचे आणि आबा जळगावात वकिली करायचे. पुढे त्यांच्या छोट्याशा पक्षानं त्यांना दिल्लीच्या वरच्या सभागृहात पाठवलं. सत्तेत ते कधीच नव्हते. त्यांचा बाक अगदी मागचा, खांबाजवळचा. मी कायद्याच्या शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांची कारकीर्द ऐन भरात होती.

काकू फार आधी गेल्या होत्या. घर चालवायची ती अक्का, आबांची थोरली बहीण, माझी आत्या. उंच, काटक, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी भाजीवाला थबकायचा. आबा दिल्लीत शुद्ध मराठीत बोलायचे, अक्का कुठेही अहिराणीतच बोलायची.

त्या घरात ऋतू वेगळे होते. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असं कुणी म्हणायचंच नाही. पावसाळी अधिवेशन, हिवाळी अधिवेशन, बजेट. पावसाळी म्हणजे आबांच्या ओल्या कोटाचा वास आणि रेल्वे उशिरा असल्याचे निरोप. बजेट म्हणजे दुपारी रस्त्याचं डांबर मऊ व्हायचं ते दिवस. आबा परत यायचे तेव्हा डोळे लाल, ओठ फुटलेले, आणि अक्का माठातलं पाणी नुसतं ओतत राहायची. पण खरा ऋतू हिवाळ्याचा. भरताची वांगी यायची ती हिवाळ्यातच. मागच्या अंगणात कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यावर हिरवी, मोठाली वांगी भाजायची, लसूण-मिरची लाकडी बडगीत ठेचायची, आणि तो धूर माझ्या केसांत, पुस्तकांत, आबांच्या काळ्या कोटातसुद्धा शिरायचा. दिल्लीत त्यांच्या शेजारी बसणारा एक सभासद म्हणे विचारायचा, "तुमच्याकडे आग लागली होती का?"

भाषणाची तालीम तलावावर व्हायची. पहाटेच्या धुक्यात आबा पुढे, मी मागे. पाण्याकडे बघत ते बोलायचे आणि मी सभापती. वेळ संपला की मी म्हणायचे, "माननीय सदस्य, आपला वेळ संपला." लहान पक्षाला मिळून मिळून किती मिनिटं मिळणार! प्रस्तावना करायलाही पुरायची नाहीत. म्हणून आबा प्रस्तावना करायचेच नाहीत.

"शिक्षा वाढवताय, वाढवा," ते बदकांना सांगायचे. "पण खटला उभा कधी राहणार ते या विधेयकात कुठल्या कलमात आहे, तेवढं दाखवा. न्यायाधीशाची खुर्ची रिकामी, सरकारी वकिलाच्या हातात साऱ्या तालुक्याच्या फायली, साक्षीदार मजुरी बुडवून येतो आणि पुढची तारीख घेऊन जातो. त्याला तुम्ही शिक्षा वाढवून काय देणार?"

"आपला वेळ संपला," मी म्हणायचे.

"सभापती महोदय, एकच मिनिट."

"नाही. बसा."

"तू खऱ्यापेक्षा खाष्ट आहेस," म्हणून आबा हसायचे. घराकडे वळलो की अक्का दारातूनच ओरडायची, "भाऊ, तुन्हं भाषण गार व्हयनं तरी चाली, भरीत गार नको व्हवाले!"

किती विषयांवर बोलले ते! तालुक्याच्या कोर्टात बायकांना लघवीला जायला जागा नाही, यावर ते बोलले तेव्हा पुढच्या बाकांवर खसखस पिकली. जामीन मिळूनही सातबारा असलेला जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेल्या माणसांवर बोलले. कच्च्या कैद्यांना तारखेला आणायला पोलीसगाडी नसते, यावर तर जवळजवळ दर अधिवेशनात. उत्तर ठरलेलं असायचं. माहिती गोळा केली जात आहे आणि यथावकाश सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल. किंवा, सदर बाब राज्यांच्या अखत्यारीतली आहे. आबा ही वाक्यं घरी आल्यावर मंत्र्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचे. आम्ही हसायचो. आता आठवलं की हसल्याची लाज वाटते. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मोगीबाई आली ती अशाच एका हिवाळ्यात.

सातपुड्याच्या पायथ्याला तिचा पाडा. तिथून चालत फाट्यावर, फाट्यावरून बसनं दोंडाईच्याला, आणि मग रेल्वेनं जळगावला. दोंडाईच्याच्या फलाटावर मिरचीच्या पोत्यांना टेकून बसली असावी, कारण ती ओसरीत शिरली आणि आम्हा सगळ्यांना शिंका आल्या. कुणी सांगितलं होतं, जळगावात एक आबा आहे, तो दिल्लीत कोर्टाबद्दल बोलतो. तेवढ्यावर आली होती. पायांत चांदीचे जाड वाळे, कमरेला तान्ही पोर, आणि पदरात चारोळीची पुरचुंडी. ती पुरचुंडी तिनं आधी अक्काच्या हातात दिली, मग खाली बसली.

तिची भाषा पावरी. मराठी तिला कळत नव्हती. बाजारापुरती अहिराणी मात्र येत होती. त्यामुळे ती अक्काला सांगायची आणि अक्का आम्हाला.

तिचा नवरा रेमसिंग कच्चा कैदी होता. जंगलात कसलं तरी भांडण झालं, कुणाचं तरी डोकं फुटलं, आणि पोलिसांनी गावातले हाताला लागले ते पुरुष उचलले. बाकीचे सुटत गेले, हा राहिला. मोगीबाईचं म्हणणं, तो त्या दिवशी तिथे नव्हताच. पोरीला ताप होता म्हणून दोघं बाजाराच्या गावी दवाखान्यासमोर बसली होती.

"मग हे त्यानं कोर्टात सांगितलं नाही?" आबांनी विचारलं.

अक्कानं विचारलं. मोगीबाई बराच वेळ बोलली. अक्का ऐकत राहिली आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा कठीण होत गेला.

"त्याले इचारं त्यास्नी मराठीमा," अक्का म्हणाली. "त्याले मराठी येत नही. पोलीसनी सांगं व्हतं, साहेब बोलना का मान हालाव. यानी हालावी."

पोर खाली रांगत वर्तमानपत्र फाडत होती.

"दुभाष्या?" आबांनी विचारलं, पण ते विचारणं कुणाला उद्देशून नव्हतं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. कागदोपत्री आरोपीला त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं पाहिजे, असं कायदा म्हणतो. मला ते कलम वर्गात पाठ करायला लावलं होतं. परीक्षेत मी ते लिहून मार्कही मिळवले होते.

पुढच्या काही आठवड्यांत ती वरचेवर येत राहिली. तारीख असली की आधी तालुक्याच्या कोर्टात जायची, नवऱ्याला आणलेलंच नाही असं बघायची, आणि मग आमच्याकडे यायची. अक्कानं तिला ओसरीचा कोपरा दिला होता. दोघी वांगी सोलत बसायच्या. अक्का बोलायची अहिराणी, ती बोलायची निम्मी अहिराणी, निम्मी पावरी, आणि तरी त्या तासन्तास बोलत. कशाबद्दल, मला कधी कळलं नाही. मधेच अक्का मोठ्यानं हसायची. मोगीबाई हसायची नाही.

ती हसली एकदाच. हिवाळी अधिवेशनात फौजदारी कायद्याचं मोठं विधेयक येणार होतं आणि आबांना बोलायला वेळ मिळाला होता. एका सकाळी ते तिच्यापुढे पाटावर येऊन बसले आणि अक्काला म्हणाले, "हिला विचार, 'तुला काय सांगायचं आहे?' हे हिच्या भाषेत कसं म्हणतात?"

तिनं सांगितलं. आबांनी म्हणून बघितलं. तिनं मान हलवली, पुन्हा सांगितलं. आबांची जीभ वळेना. वकिलीत मुरलेला, पिकलेल्या केसांचा माणूस, मांडी घालून, डोळे मिटून ते चार शब्द घोकतोय हे बघून तिला हसू आवरेना. पदर तोंडात धरून ती हसली, वाळे वाजले, पोर दचकली. आबाही हसले. पण पाठ होईपर्यंत उठले नाहीत.

आणि मग म्हणाले, "हिला घेऊन चला. हिनं बघू दे."

अक्कानं आयुष्यात धुळ्यापलीकडे रेल्वेनं प्रवास केला नव्हता. तरी तिनं दशम्या बांधल्या, मला स्वेटर घालायला लावला, पोरीला माझ्या आईकडे धरणगावला ठेवलं आणि आम्ही निघालो. दिल्लीची थंडी वेगळीच होती. कोळशाच्या धुरासारखी, घशाला खवखवणारी. आबांच्या क्वार्टरच्या भिंती गार दगड. मोगीबाई रात्रभर अक्काला चिकटून झोपली.

सभागृहाच्या दारावर तपासणी. मोगीबाईच्या वाळ्यांनी यंत्र वाजायला लागलं. काढा म्हणाले. ते कसे निघणार? लग्नात चढवलेले, आता पायाचेच झालेले. गणवेशातल्या बाईनं तिला बाजूला उभं केलं. अक्का पुढे झाली. "हाई बाई काय चोर शे का? पायमा वाळा शेतस तिना, बाँब नही!" त्या बाईला शब्द कळला नसेल, पण सूर कळला. तिनं वाकून ते वाळे हातानं चाचपले आणि जा म्हणाली.

वर गॅलरीत लाल गालिचा, मेणाच्या पॉलिशचा वास, आणि इतकी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यावा. पुढे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, असं आम्हाला सांगितलं होतं. मोगीबाई पाठ ताठ करून बसली. खाली बाक निम्मे रिकामे. जे होते त्यांतले कुणी कागद चाळत होते, कुणी शेजाऱ्याशी हळू बोलत होते. तिनं अक्काकडे बघून भुवया उंचावल्या. एवढंच? अक्कानं तिच्या हातावर हात ठेवला.

आबांचं नाव पुकारलं. ते मागच्या बाकावर उठले. वरून किती लहान दिसत होते! त्यांनी चष्मा काढला, सभापतींना नमस्कार केला आणि ते चार शब्द म्हणाले. पावरीत. अगदी तिनं शिकवले तसे.

खाली माना वर झाल्या. आबांनी पुन्हा तेच म्हटलं, मोठ्यानं.

"माननीय सदस्य," वरच्या खुर्चीतून आवाज आला, "ही कोणती भाषा आहे? या भाषेच्या भाषांतराची सोय नाही. हे नोंदीत येणार नाही."

"सभापती महोदय, मला तेच सांगायचं आहे," आबा मराठीत म्हणाले. "या देशातल्या सगळ्यात मोठ्या सभागृहात मी एका नागरिकाच्या भाषेत चार शब्द बोललो, तर ते नोंदीत येत नाहीत. मग माझ्या भागातल्या तालुक्याच्या कोर्टात तोच नागरिक..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. पुढच्या बाकावरून कुणी तरी त्या शब्दांची नक्कल केली. काहीबाही, वेड्यावाकड्या आवाजात. आणि हशा झाला. फार मोठा नाही. सहज, दुपारच्या जेवणानंतरचा हशा. घंटा वाजली. आबा उभेच होते, तोंड हलत होतं, पण त्यांच्यासमोरच्या मायक्रोफोनचा लाल दिवा गेलेला. वर आमच्यापर्यंत त्यांचा आवाज येईना.

तेवढ्यात माझ्या शेजारी वाळे वाजले.

मोगीबाई उठली होती. तिला खालच्या गोंधळातलं काहीच कळलं नव्हतं. कळलं होतं ते एवढंच, की एवढ्या मोठ्या कोर्टात कुणी तरी तिच्या भाषेत तिला विचारलं, तुला काय सांगायचं आहे. एकदा विचारलं, पुन्हा विचारलं. तिनं सांगितलं. कठड्याला धरून, मोठ्यानं, थांबत थांबत, रानात पलीकडच्या टेकडीवरच्या माणसाला हाक घालावी तसं. तो तिथे नव्हता. तो माझ्यासंगं होता. पोरीला ताप होता, आम्ही दवाखान्यापुढे बसलो होतो. दवाखान्यात विचारा. हे मला नंतर अक्कानं सांगितलं. तेव्हा मी फक्त तो आवाज ऐकला, आणि खाली झालेली शांतता. पुढच्या बाकांवरची सगळी तोंडं वर वळलेली, उघडी.

गणवेशातली माणसं धावत आली. तिचे दोन्ही दंड धरले. ती बोलतच होती. तिला वाटलं असेल, पुरं सांगून झालं नाही म्हणून ओढतायत, तर भरभर सांगावं.

आम्हाला तिघींना एका खोलीत नेऊन बसवलं. टेबलाच्या पलीकडे एक साहेब, हातात पेन.

"घोषणा काय दिली?"

"घोषणा नाही," मी म्हटलं. "ती उत्तर देत होती."

"कशाचं उत्तर?"

"प्रश्नाचं."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मला वेड लागलंय. "कोणत्या संघटनेच्या?"

"संघटना नाही."

त्यानं लिहिलं, 'घोषणाबाजी'. मी वाकून बघितलं, तो शब्द मी माझ्या डोळ्यांनी वाचला. भाषा अनोळखी, आशय समजला नाही, असं पुढे लिहिलं. मी म्हटलं, आशय मी सांगते, लिहून घ्या, तिचा नवरा निर्दोष आहे याचा पुरावा ती सांगत होती. तो म्हणाला, त्याची गरज नाही. अक्का त्या साहेबाकडे टक लावून बघत होती. मग मोगीबाईच्या दंडावर उमटलेले बोटांचे वळ पदरानं पुसत ती म्हणाली, "बठ्ठा हसनात. एकनी बी इचारं नही का बाई काय सांगी ऱ्हायनी."

पक्षाच्या नेत्यांनी आबांना बजावलं, तुमच्या पाहुण्यांनी सभागृहाचा अवमान केला, उद्या उभं राहून खेद व्यक्त करा आणि विषय मिटवा. दुसऱ्या दिवशी आम्हाला अर्थात आत सोडलं नाही. क्वार्टरमधल्या टीव्हीवर बघितलं. आबा उठले.

"मला खेद आहे," ते म्हणाले. आजूबाजूचे माना डोलवायला लागले. "काल या सभागृहात एक प्रश्न विचारला गेला आणि वरून एका बाईनं त्याचं खरं उत्तर दिलं. आपण ते ऐकूनही घेतलं नाही. तिला धरून बाहेर काढलं आणि प्रश्नाची नक्कल करणाऱ्याला बसू दिलं. या माझ्या सभागृहाबद्दल मला खेद आहे."

मग गोंधळ झाला. कागद उडाले. ते सगळं भाषण कामकाजातून काढून टाकल्याचं लगेच जाहीर झालं आणि उरलेल्या अधिवेशनापुरतं आबांना बाहेर ठेवलं. ज्यानं नक्कल केली त्याला कुणी काही म्हटलं नाही. तो आता फार मोठा माणूस आहे. कधी तरी टीव्हीवर न्यायाबद्दल बोलताना दिसतो. मी टीव्ही बंद करते.

परतीच्या गाडीत मोगीबाई खिडकीशी बसली होती. बाहेर गव्हाची हिरवी शेतं, धुकं. ती दिल्लीला येतानापेक्षा हलकी दिसत होती. बऱ्याच वेळानं तिनं अक्काला काही विचारलं. अक्का दशम्यांचं फडकं आवरत राहिली. तिनं पुन्हा विचारलं.

"काय म्हणतेय?" आबा म्हणाले.

"म्हनस, मी सांगं, त्यास्नी ऐकं. आते सोडतीन ना?"

आबांनी चष्मा काढला. मला वाटलं, ते काही तरी गोड बोलून वेळ मारून नेतील. त्यांनी तसं केलं नाही. "तिला सांग," ते म्हणाले, "नाही सोडणार. मी नुसता बोलणारा आहे. सोडणारे वेगळे."

अक्कानं सांगितलं. मोगीबाई आबांकडे बघत राहिली. मग तिनं जे विचारलं ते अक्कानं न सांगताच मला कळलं. मग तिथे जाता कशाला?

"दुसरं कोणी हे बोलत नाही म्हणून," आबा म्हणाले. पण ते इतकं हळू म्हणाले की अक्काला ते तिच्यापर्यंत पोचवताच आलं नाही.

पक्षानं आबांना पुन्हा पाठवलं नाही. मुदत संपली आणि आमच्या घरातले ऋतू एकदम साधे झाले. पावसाळा म्हणजे पाऊस, उन्हाळा म्हणजे ऊन. तलावावर ते अजून जात, पण बोलत नसत. मी मागून चालायचे. कधी तरी एखादं बदक पाण्यावरून उडायचं आणि आबा चालता चालता थांबायचे, काही म्हणणार असं वाटायचं, आणि तसेच पुढे जायचे.

त्यांनी कोट पुन्हा घातला तो रेमसिंगसाठी. तालुक्याच्या कोर्टात एकदाचे न्यायाधीश आले होते. आबा वकीलपत्र घेऊन उभे राहिले. मीही तेव्हा नुकतीच सनद घेतलेली, मागे फायली धरून. दवाखान्याचा केसपेपर मिळाला नाही. जुने कागद भिजून गेले, असं सांगण्यात आलं. पण तोवर फिर्यादी पक्षाचे साक्षीदारही पांगले होते. कुणी गुजरातेत कामाला, कुणी सापडतच नव्हता. पुराव्याअभावी सोडण्यात येत आहे, असा निकाल झाला. अर्ध्या पानाचा.

आबा खाली बसेनात. "साहेब, आरोपीला एकदा विचारावं. त्याच्या भाषेत. तो काय म्हणतो ते नोंदीत यावं."

न्यायाधीश वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. "सुटला ना तो?" म्हणाला. "मग आता काय विचारायचं?"

पुढच्या खटल्याचा पुकारा झाला. आबांनी फाइल बंद केली. मी त्यांना त्यापूर्वी भांडताना बघितलं होतं, ओरडताना बघितलं होतं. तसे गप्प झालेले कधी बघितले नव्हते. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि मला कळलं की ते म्हातारे झालेत.

परवा तलावाच्या काठी बसून मी हे सगळं आठवत होते. आता आबा नाहीत. अक्काही नाही. त्यांच्या घराच्या जागी गाड्या लावायचा तळमजला असलेली इमारत आहे. मी धुळ्याला वकिली करते आणि माझ्याकडे येणाऱ्या माणसाला आधी त्याची भाषा विचारते. लोक म्हणतात, एवढी वर्षं झाली, राग निवळत असतो. माझा निवळलेला नाही, आणि निवळावा असं मला वाटतही नाही. सभागृहातला हशा एक वेळ मी विसरेन. पण जेलच्या फाटकाबाहेरची ती सकाळ नाही विसरणार.

रेमसिंगला सोडायचा दिवस. आम्ही चौघं भिंतीच्या सावलीत उभे. समोर चहाची टपरी, स्टोव्हचा घुमणारा आवाज, उकळत्या आल्याचा वास. मोगीबाई नवं लुगडं नेसून आली होती. केसांना इतकं तेल की कपाळावर उतरलेलं. मोठ्या फाटकातलं छोटं दार उघडलं आणि एक वाळका माणूस बाहेर आला. बाहेर येऊन दोन्ही हात मांड्यांना चिकटवून उभा राहिला.

मोगीबाई पुढे गेली. तिच्या भाषेत काही तरी म्हणाली. अगदी साधं असणार. आलास का, नाही तर भूक लागली का.

तो तिच्या डोक्यावरून पलीकडे कुठे तरी बघत होता. स्वच्छ मराठीत म्हणाला, "होय साहेब."

ती पुन्हा म्हणाली. पुन्हा, "होय साहेब."

जी भाषा येत नाही म्हणून त्याला आत टाकलं, ती भाषा आत राहून त्याला आली होती. एवढीच आली होती. आणि स्वतःची आत कुठे तरी राहून गेली होती.

अक्का ताड्ताड् पुढे गेली. "आठे कोन साहेब शे?" ती ओरडली. टपरीवरचे लोक बघायला लागले, पहारेकरी बघायला लागला. "देख ना तिन्हाकडे! तुन्ही बायको शे ती!" आणि तिथेच, रस्त्याच्या मधोमध, मी अक्काला आयुष्यात पहिल्यांदा रडताना बघितलं.

आबा टपरीवर गेले. स्वतः चहाचा ग्लास घेऊन आले आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. वाफ त्याच्या तोंडावर जात होती. मोगीबाई त्याच्या समोर उभी होती, आम्ही सगळे उभे होतो. त्यानं ग्लास तोंडाला लावला नाही. कुणी तरी 'पी' म्हणेल, याची तो वाट बघत होता.